डावीकडे कललेल्या रेघा

अंगठीच्या आतल्या अंगाला कानशीच्या बारीक रेघा असतात. बाहेरून अंगठी कितीही घासून आरशासारखी केली, तरी आत, जिथं बोट जातं तिथं, कुणी फार घासत बसत नाही. त्यामुळे करणाऱ्याचा हात तिथं राहून जातो. रेघा तिरक्या असतात. कानस उजव्या हातात असेल तर त्या उजवीकडे कलतात, डाव्या हातात असेल तर डावीकडे. अंगठी उलटी धरली, वरची कड खाली केली, तरी हा कल बदलत नाही. बदलेल असं वाटतं, पण नाही बदलत. सुनेनं खिडकीशी उभं राहून हे पहिल्यांदा पडताळून पाहिलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. घरात निदान एक गोष्ट अशी होती, जी कशीही धरली तरी तीच राहायची.

तिच्या सासऱ्यांचा सगळा भरवसा त्या कलावर होता. ते जन्मभर लेथवर उभे राहिलेले टर्नर. त्यांचा एकुलता एक मुलगा डावखुरा. लहानपणी त्याच्या डाव्या हातातली कानस काढून उजव्या हातात देता देता बाप थकला आणि शेवटी म्हणाला, ‘जा, घास तुला हवं तसं.’ तेव्हापासून घरात, गल्लीत, कारखान्यात त्याला सगळे डावराच म्हणायचे. पुढे युद्ध लागलं. डावरा ज्या तुकडीतून गेला ती तुकडी परत आली, डावरा आला नाही. मेला म्हणावं तर देह नाही, पकडला म्हणावं तर सुटून आलेल्यांत तो नाही. ‘बेपत्ता’ हा शब्द घरात पाहुण्यासारखा आला आणि घरजावई होऊन बसला.

सासऱ्यांचा संग्रह तेव्हापासूनचा. खंदकात महिनोन्‌महिने अडकून पडलेली माणसं वेळ जावा म्हणून हाताला लागेल त्या वस्तूचे दागिने करत, हे त्यांना परत आलेल्या पोरांकडून कळलं. काडतुसाची पुंगळी कापून बांगडी, नाणं ठोकून अंगठी, तोफगोळ्याच्या टोकाचं अ‍ॅल्युमिनियम वितळवून अंगठी, पडलेल्या विमानाच्या खिडकीच्या जाड प्लास्टिकमधून कोरलेलं बदामाच्या आकाराचं लॉकेट. कुणी बायकोसाठी करायचं, कुणी बहिणीसाठी, कुणी नुसतंच. एका बांगडीवर खिळ्यानं ठोकून ‘लवकर येतो’ एवढंच लिहिलेलं होतं. युद्धानंतर हा माल भंगारात आला. शौकीन लोक त्यात नक्षी बघत, नाव बघत. सासरे अंगठी घेत, उलटी करत आणि आत बघत. हाताला काम नसलं की डावरा बेचैन व्हायचा. खंदकात बसून त्यानं काहीतरी घासलं असणारच, आणि घासलं असेल तर ते कुठून ना कुठून आपल्यापर्यंत येईल, असं त्यांचं साधं गणित होतं.

पुढच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कापडाचा तुकडा, भिंग, ब्रश, आणि काचेच्या झाकणाखाली एक अंगठी. ती डावऱ्यानं लग्नाआधी मोटरच्या एका जुन्या बुशमधून, म्हणजे पितळी कड्यातून, केली होती, सुनेसाठी. तिच्या बोटातून ती सासऱ्यांनी एका दुपारी मागून घेतली होती. ‘नमुना लागतो गं. कशाशी तरी ताडून बघायला पाहिजे ना?’ धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला नमुन्याचं महत्त्व सांगायला नको होतं. तिनं काढून दिली. बोटावरचा पांढरा पट्टा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुसला गेला.

‘या घरात पितळ एवढं झालंय,’ सासूबाई सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, ‘की आता आपणच गंजायचे राहिलोय.’

‘पितळ गंजत नाही, आई.’

‘मी पितळेबद्दल बोलतच नव्हते.’

‘तुला काय त्रास आहे त्याचा?’ सासरे पेपराआडून म्हणाले. ‘खायला मागतंय का?’

‘ते नाही मागत. त्याला धुवायला तुम्ही माझी पातेली मागता.’

‘एकच नेलं.’

‘चांगलं नेलं पण.’

या दोघांचं असंच चालायचं. त्यात राग नव्हता. रागाला लागतं तेवढंही बळ कुणाकडे उरलेलं नव्हतं. सासूबाई मुलाचं नाव काढत नसत. फक्त एकदा, मटार सोलताना, मान वर न करता त्या सुनेला म्हणाल्या होत्या, ‘तू अजून चाळिशीची नाहीस.’ मटार संपले, साली उचलल्या गेल्या.

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी मात्र सरळच विचारलं होतं. दूरच्या एका गावात नवी भट्टी सुरू होत होती आणि तिथल्या प्रयोगशाळेवर माणूस हवा होता. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, घरी विचारते. दुसऱ्यांदा म्हणाली, थोडे दिवस द्या. या शनिवारी ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

‘बाई, तिसऱ्यांदा विचारतोय. चौथ्यांदा विचारायला मी काही तुमच्या प्रेमात पडलेलो नाही. सोमवारी हो किंवा नाही.’

सगळे हसले. तीही हसली. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली आणि बराच वेळ तिला काही दिसलं नाही.

‘हो’ म्हणायचं तर तिला दोन गोष्टी एकदम म्हणाव्या लागणार होत्या. सासऱ्यांनी घर बदलू दिलं नव्हतं, दाराचा रंगसुद्धा बदलू दिला नव्हता. डावरा आला तर त्याला दार ओळखू यायला हवं. या घरात राहणं म्हणजेच वाट बघणं, आणि निघून जाणं म्हणजे तो येणार नाही असं म्हणणं. मनात ती ते केव्हाच म्हणून बसली होती. कोणत्या दिवशी, ते तिलाही आठवत नव्हतं. एखादा नळ गळायचा थांबतो आणि पुष्कळ वेळानं आपल्या लक्षात येतं, तसं झालं होतं. ते तोंडानं म्हणणं तेवढं राहिलं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं मनात ठेवली होती. संग्रह सुरू झाला त्या वर्षी, सासऱ्यांना मदत व्हावी म्हणून, तिनं प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत स्वतः काही अंगठ्या घासून पाहिल्या. पद्धत पक्की आहे हे दाखवायचं होतं तिला. ती उजव्या हाताची. तिनं उजव्याच हातानं घासल्या: कधी अंगठी वाइसच्या जबड्यात आवळून, कधी काठीवर चढवून, कधी कानस पुढं ढकलत, कधी अंगाकडे ओढत. भिंगाखाली पाहिलं तर अर्ध्याअधिक रेघा डावीकडे कललेल्या. हात कोणता यावर काही नव्हतं. माणूस अंगठी कशी धरतो, मांडी घालून बसलाय की उकिडवा, उजेड कुठून येतोय, यावर सगळं होतं. तिनं त्या अंगठ्या भंगाराच्या डब्यात टाकल्या आणि घरी येऊन भाजी चिरायला बसली. सांगितलं असतं तर सासऱ्यांच्या हातातून भिंग गळून पडलं असतं, आणि मग त्या हातांनी दिवसभर काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली. सासरे अंगठी पुढं करत, ती खिडकीशी जाऊन बघे आणि खरं तेच सांगे: ‘उजवीकडे आहेत, बाबा.’ कधीमधी एखादी डावीकडची निघे. मग ते नमुना बाहेर काढत, दोन्ही शेजारी ठेवत आणि खोलीतला पंखा बंद करत. पण कानशीचे दात तरी जुळत नसत, नाहीतर रुंदी तरी. ते ती अंगठी नाकारलेल्यांच्या डब्यात टाकत आणि म्हणत, ‘हरकत नाही, परीक्षकबाई. पुढची.’

रविवारी दुपारी भंगारवाला आला. चमकणारं काही दिसलं की उचलतो, म्हणून सासूबाई त्याला कावळा म्हणत, आणि तोंडावरही म्हणत.

‘आला तुमचा कावळा,’ त्यांनी आत हाक दिली. ‘पाय पुसून ये रे. आणि मागच्यासारखं पोतं गादीवर ठेवू नकोस.’

‘काकू, पोतं माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.’

‘ते बरोबर आहे तुझं.’

कावळ्यानं पोतं जमिनीवर उपडं केलं. बकलं, बटणं, चमचे, वाकलेली एक मेणबत्तीदाणी. त्यात तारेत ओवलेला एक जुडगा होता. काळ्या, दगडासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसनं तो असा माखलेला की काय कशाला चिकटलंय कळत नव्हतं. सासऱ्यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला.

‘हे कुठलं?’

‘पोत्यातलं.’

‘पोतं कुठलं?’

‘ते पोत्यालाच ठाऊक, काका. सरहद्दीकडून येतात गाड्या. मी वजनावर घेतो, विचारत नाही. विचारलं की भाव वाढतो.’

‘ठेव हे.’

कावळा पाणी पिऊन गेला. सून स्वयंपाकघरात सासूबाईंबरोबर डबे पुसायला बसली. पुढच्या खोलीतून रोजचे आवाज येत होते: तार कापल्याचा, पक्कड ठेवल्याचा, शेगडी पेटवल्याचा. पितळेवरचा चिकटा काढायला सासरे स्टीलच्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि थोडं कॉस्टिक घालून पाणी गरम करत. पितळेचं त्यात फारसं बिघडत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. हे तिनंच त्यांना शिकवलं होतं आणि झाकणावर तांबड्या रंगानं लिहूनही ठेवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळी वाटी होती, तिच्यात रॉकेल आणि मऊ ब्रश. इतक्या वर्षांत त्यांची एकदाही चूक झालेली नव्हती.

आधी तिला वाटलं, चहाचं पाणी उतू जातंय. मग तिच्या लक्षात आलं की चहा ठेवलेलाच नाही, आणि पितळ सोड्यात आवाज करत नाही.

ती धावत गेली तेव्हा सासरे पातेल्यापाशी उभे होते. पाण्यावर पांढरा फेस चढला होता. त्यांच्या हातात चिमटा होता, पण तो ते नुसता धरून होते. तिनं तो काढून घेतला, पातेल्यात घालून चाचपला आणि जुडग्यातून निघालेली एक अंगठी वर काढून पाण्याच्या बादलीत सोडली. बादलीत ती थोडी फुसफुसली आणि गप्प झाली. बाहेर काढली तेव्हा राखेच्या रंगाची होती, खरखरीत आणि पातळ. वर बसवलेला तांब्याचा बदाम निखळून पातेल्याच्या तळाशी गेला होता. तिनं खिडकीशी नेऊन आत बघितलं. सगळीकडे सारखंच होतं, धुकं पडल्यासारखं.

‘मी पाहिल्या,’ सासरे म्हणाले.

‘काय पाहिलंत?’

‘रेघा. अंगठ्यानं चिकटा पुसला, एवढीशी जागा मोकळी झाली. डावीकडे होत्या. आणि त्याच्या असायच्या तशा खोल. तो दाबून घासायचा, माहीत आहे ना तुला?’

‘भिंगातून पाहिलंत?’

‘भिंगच घेणार होतो. म्हटलं, बाकीचा चिकटा निघू दे, मग नीट बघू. घाई झाली मला.’ ते खुर्चीवर बसले. ‘अ‍ॅल्युमिनियम आहे हे कळलं होतं गं. वजनावरूनच कळलं. पण हात गेला. सवयीनं गेला.’

सासूबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी शेगडी बंद केली आणि पातेलं उचलून मागच्या मोरीत नेलं.

‘तुझ्या मोठ्या भिंगाखाली ठेव,’ सासरे म्हणाले. ‘खाली काही राहिलं असेल.’

खाली काही राहत नाही हे तिला माहीत होतं. रेघ म्हणजे धातूत पडलेली खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंचा धातूच निघून गेला की खाच कशात राहणार? ‘बघते,’ ती म्हणाली.

रात्री ते जेवले नाहीत. झोपेपर्यंत ती अंगठी तळहातावर घेऊन बसले होते, आणि त्यांच्याकडे बघताना तिला वाटत होतं की हे आता संपलं. वाईट रीतीनं संपलं, पण संपलं. माणसानं वर्षानुवर्षं जे शोधलं ते सापडावं आणि त्याच्याच हातानं नाहीसं व्हावं, यापुढं काय असणार? तिला त्यांची फार दया आली. आणि त्या दयेच्या खाली, लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं.

सोमवारी सकाळी ती डबा भरायला उठली तर सासरे आधीच उठलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दाराशी प्रवासाची पिशवी. चेहऱ्यावर अशी तरतरी, जी तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

‘ये, बस,’ ते म्हणाले. ‘कावळ्याला निरोप धाडलाय. त्या गाड्या जिथून येतात तिथं जायचं. एक आहे तिथं दुसरी असणार. तो काय एकच करून थांबला असेल? तू महिन्याभराची रजा टाक. माझ्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण तू परीक्षक. तू बघितलंस म्हणजे झालं.’

‘आणि मी?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी इथं दाराला कडी लावून बसू?’

‘कुणीतरी घरी पाहिजेच ना.’

‘हो. कुणीतरी पाहिजेच.’ त्या पोळी लाटत राहिल्या. ‘तिला विचारा तरी. तिला नोकरी आहे.’

‘तिला काय विचारायचं? तिचा नवरा आहे तो.’

सुनेनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना म्हणून काढलं, पुन्हा लावलं. इतकी वर्षं जे सांगायचं नाही म्हणून सांभाळलं, ते आता सांगणंच बरं, असं तिला वाटलं. निदान हा प्रवास थांबेल. सरहद्दीकडच्या भंगाराच्या आवारांत, गुडघे दुखणारा हा माणूस भिंग घेऊन फिरणार नाही.

‘बाबा, मी एक सांगते. नीट ऐका.’ ती त्यांच्यासमोर बसली. ‘रेघांवरून हात कळत नाही. मी स्वतः करून पाहिलंय, वर्कशॉपमध्ये, फार पूर्वी. उजव्या हातानं घासलं तरी डावीकडे कललेल्या रेघा येतात. अंगठी कशी धरली यावर असतं ते. काल तुम्ही पाहिल्या त्या खरोखर डावीकडच्या असल्या, तरी त्या कुणाच्याही असू शकतात.’

सासूबाईंचं लाटणं थांबलं.

तिनं सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं, कारण ते कोसळतील तर आधी हातांतच कळेल असं तिला वाटत होतं. हात टेबलावर शांत होते.

‘म्हणजे,’ ते हळूहळू म्हणाले, ‘धरायच्या पद्धतीवर आहे.’

‘हो.’

‘म्हणजे डाव्या हाताच्या माणसाच्याही उजवीकडे येऊ शकतात.’

‘येऊ शकतात.’

‘खंदकात वाइस कुठला असणार? मिळेल तसं धरून घासलं असेल त्यानं.’ ते उठून उभे राहिले. ‘मग मी ज्या उजवीकडच्या म्हणून बाजूला टाकल्या, त्यांतल्याही काही त्याच्या असतील. हे तू आधी का नाही बोललीस गं? दोन पेट्या भरून आहेत. कपाटावर आणखी एक डबा. आपण सगळ्या पुन्हा पहिल्यापासून बघू. बाहेर जायची घाईच नाही. बरं झालं सांगितलंस.’

ते पुढच्या खोलीत गेले. पेटी ओढल्याचा आवाज आला, मग अंगठ्या कापडावर ओतल्याचा. पुष्कळ अंगठ्या होत्या. आवाज संपता संपेना.

ती बसल्या जागी बसून राहिली. तिला वाटत होतं, आपल्याजवळ शेवटची एक गोष्ट राखलेली आहे, जड आणि पक्की, जी काढली की हे सगळं खाली बसेल. ती काढून झाली होती, आणि त्यांनी ती पाण्यासारखी पिऊन टाकली होती. रेघा डावीकडे असोत, उजवीकडे असोत, पुसलेल्या असोत, त्यांचं बोलणं कुठूनही निघालं तरी एकाच दारात येऊन थांबत होतं. उद्या खरोखर त्याची अंगठी मिळाली असती तरी त्यातून काय निघालं असतं? एका दुपारी त्याला वेळ होता आणि हातात कानस होती, एवढंच. त्यापुढच्या दुपारबद्दल अंगठी काही सांगत नाही. आणि सासऱ्यांनी मग त्या पुढच्या दुपारची अंगठी शोधायला घेतली असती. हे पुराव्यानं संपणारं नव्हतं. ती इतकी वर्षं पुराव्याची वाट बघत होती, जसे ते मुलाची. दोघांनी एकाच टेबलाशी बसून.

‘पोळी जळतेय, आई,’ ती म्हणाली.

‘जळू दे,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गॅस मात्र बंद केला. ‘साहेबाला आज सांगायचंय ना तुला?’

तिनं चमकून वर पाहिलं. हे तिनं घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

‘तुझ्या ऑफिसातली बाई भेटली होती बाजारात. मागच्या खेपेला विचारलं होतं साहेबांनी तेव्हा, आणि परवा पुन्हा. मी वाट बघत होते तू कधी बोलतेस त्याची.’ त्यांनी पिठाचे हात पुसले, आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. ‘मला बोलता येणार नाही. मी त्याची आई आहे. माझ्या तोंडून ते निघणार नाही.’

‘परीक्षकबाई,’ पुढच्या खोलीतून हाक आली, ‘ये लवकर. उजेड चांगला आहे आत्ता.’

ती उठली. पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सासरे अंगठ्यांच्या ढिगाशी वाकून बसले होते, भिंग डोळ्याला लावलेलं; मान वर न करता त्यांनी एक अंगठी तिच्यासाठी पुढं केली. ती घेण्यासाठी तिचा हात सवयीनं निम्मा पुढं गेला. मग तिनं तो मागं घेतला.

‘घे ना,’ ते म्हणाले.

‘नाही, बाबा. तो मेलाय. मी ते केव्हाच धरून चाललेय, फक्त बोलले नव्हते. मी बदली घेतेय. आज साहेबांना हो म्हणून सांगणार आहे.’